रिकाम्या दरवाजाचा रुपया

१

सकाळचा पहिला चहा झाला की मी पेटी उघडतो. रिटायर होऊन चौदा वर्षं झाली, यात खंड नाही. आधी चहा, मग पेटी, मग पेपर. पेपर आधी वाचला तर डोकं फिरतं आणि नाण्यांवर चित्त लागत नाही. ज्याला हे पटत नाही त्यानं करून बघावं.

पेटी सागवानाची आहे. आत बारा ओळी, एकेका ओळीत आठ गोल खाने, खाली निळं मखमल. खाने मी स्वतः कोरलेत, पटाशीनं बोट कापून घेत घेत. नर्मदा, माझी बायको, म्हणायची, "लेकीच्या पाळण्याला कधी एवढा जीव लावला न्हाई तुमी." तिचं खोटं नव्हतं. शिलाचा पाळणा मी आयताच आणला होता.

मी एसटीत कंडक्टर होतो. हिंगोलीपासून सेनगाव, कळमनुरी, डोंगरकडा, वसमत, सगळे फाटे तोंडपाठ. लोकांना वाटतं जुनी नाणी जमवणारा माणूस कुणी सरदार-जमीनदार असणार. अहो, माझ्या चामडी थैलीतून निम्मा जिल्हा रोज खुळखुळत जायचा! साखऱ्याच्या फाट्यावर चढलेली एखादी म्हातारी पदराच्या गाठीतून भोकाचा पैसा काढायची आणि वर माझ्याशीच भांडायची, "काहून चालत न्हाई? माझ्या सासूनं जपून ठिवला व्हता." मी तिचं तिकीट माझ्या खिशातून फाडायचो आणि पैसा ठेवून घ्यायचो. म्हातारी मला येडं समजायची. संध्याकाळी नर्मदाही तेच म्हणायची.

या छंदाचा नियम एकच. नाणं धुवायचं नाही, घासायचं नाही. त्याच्यावरचा काळपटपणा म्हणजे त्याचं वय. तो गेला की जाणकाराच्या लेखी नाणं मेलं.

कोजागरी होऊन दोन दिवस झाले होते. मी चहा पिऊन पेटी उघडली. पहिल्या ओळीच्या पहिल्या खान्यात भोकाचा तांब्याचा पैसा असतो. तो आदल्या दिवसापर्यंत काळा होता. आता तो लालभडक चमकत होता. मी उचलून नाकाशी नेला तर त्याला चिंचेचा वास येत होता.

घरात मी एकटाच असतो.

२

चिंचेच्या वासानं मला एकच दिवाळी आठवते. शिला तेव्हा आठवीत होती.

लक्ष्मीपूजनाला माझी डबल ड्युटी लागली होती. संध्याकाळी घरी आलो तर नर्मदा मोरीत पाटावर बसलेली. समोर पितळी घंगाळ, एका वाटीत कोळलेली चिंच, एका वाटीत चुलीतली राख. तांब्याला चिंच आणि चांदीला राख. शेजारी दुसऱ्या पाटावर माझी नाणी ओळीनं वाळत घातलेली, नव्या टाकसाळीतून आल्यावाणी.

मी खांद्यावरची थैली न उतरवताच मोरीच्या दारात उभा राहिलो.

ती हसून म्हणाली, "आवं, बघता काय? लक्ष्मीला न्हाऊ घातलं. वरीसभर बिचारी काळीमिट्ट पडून राहिली तुमच्या पेटीत."

मग मी जो सुटलो! काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. एक आठवतं, कारण ते शिलानंही ऐकलं. "परत माझ्या नाण्याला हात लावलास तर हात तोडून ठेवीन."

नर्मदानं चिंचेचे हात धुतले, पदराला पुसले आणि उठून स्वैपाकाला लागली. त्या रात्री लक्ष्मीपुढं नाणी नव्हती, नुसत्या लाह्या-बत्तासे होते.

पुढं राग निवला. मला लाजही वाटली. माफी मागायची आमच्या घरात कुणाला सवय नव्हती, म्हणून मी पेटीची दुसरी किल्ली तिच्या हातात ठेवली. म्हणालो, "असू दे तुझ्यापाशी." तिनं ती कमरेच्या जुडग्यात लावली. सत्तावीस वर्षं ती किल्ली तिच्या कमरेला वाजत होती. तिनं पेटी एकदाही उघडली नाही. मी कधी दाखवायला बोलावलं तरी लांबूनच बघायची, हात पाठीमागं धरून.

त्या दिवाळीतली अजून एक गोष्ट सांगायची राहिली. पाटावर वाळत घातलेल्या नाण्यांत जेवढे राजाछाप होते, तेवढे तिनं पालथे ठेवले होते. राणीछाप मात्र उताणे. नंतर कधीतरी मी विचारलं, असं काहून? तर म्हणाली, "परका बाप्या टक लावून बघून राहिला अन् मी आंघोळीला बसवू व्हय त्याला? राणी बाईमाणूस हाय, तिचं चालतं."

३

दुसऱ्या दिवशी पहिली ओळ पूर्ण झाली होती. आठच्या आठ नाणी लख्ख. तिसऱ्या दिवशी दुसरी ओळ.

मी काही भुताखेतांना मानणारा माणूस नाही. एकतीस वर्षं रात्रीच्या मुक्कामी गाड्या केल्या, कुठल्या फाट्यावर कुणी बाई उभी असते वगैरे गप्पा डेपोत खूप ऐकल्या, आणि प्रत्येक वेळी ती बाई विनातिकीट निघाली. म्हणून मी सरळ विचार केला. घराला कडी आतून. पेटीला कुलूप. एक किल्ली माझ्या जानव्याला. दुसरी नर्मदाच्या कमरेला होती, आणि नर्मदा पौषात वारली. मग उरलं कोण? मी.

माणूस झोपेत चालतो. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यातल्या तारा तुटतात आणि तो एकच काम दोनदा करून विसरतो. आमच्या आळीत एक मास्तर रोज दुपारी शाळेला निघायचे, रिटायर होऊन वीस वर्षं झाल्यावर. तसं माझं झालं असणार.

मी माझी बोटं हुंगली. वास साबणाचा होता. स्वैपाकघरात चिंचेची बरणी पाहिली तर चिंच कमी वाटली, पण आधी किती होती कुणाला ठाऊक? देवापुढची उदबत्तीची राख मात्र साफ गेली होती. मी ती कधीच काढत नाही. चूल जाऊन गॅस आला तेव्हापासून घरात राख म्हणून तेवढीच.

चौथ्या दिवशी तिसरी ओळ झाली. तिच्यात पंचम जॉर्जचे चार रुपये होते. चारही पालथे. शेजारी व्हिक्टोरिया उताणी.

मी ते बघून पेटी धाडकन बंद केली. मग खुर्चीत बसून स्वतःला समजावलं की ही सवय मलाही माहीत आहे. झोपेत मीच पालथे ठेवले असतील. माझ्याच डोक्यात आहे ते माझेच हात करणार. यात घाबरायचं काय? पण त्या दिवशी पेपर वाचायचा राहिला.

शिला नांदेडला असते. रोज संध्याकाळी दिवे लागले की तिचा फोन येतो. त्या दिवशी मी बोलून बसलो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग हळू म्हणाली, "दादा, तुमीच धूत असतान अन् इसरत असतान."

"मी? मी नाणं धुवीन?"

"मग कोण, दादा?"

मी पेटीचं कुलूप पुन्हा एकदा ओढून पाहिलं.

"ह्या साली आपल्याकडं दिवाळी न्हाईच," ती म्हणाली. "आईचं वरीस झालं न्हाई अजून. पाडव्याला मी गाडी घेऊन येते. पेटी घ्या, कपडे घ्या, अन् चला माझ्याकडं. कायमचं. एकटं न्हाई ठिवत मी तुमाला आता."

फोन ठेवला आणि मला दोन्हीकडून भीती वाटली. मीच धूत असेन तर माझं डोकं गेलं, आणि हे घर, ही खुर्ची, हा सकाळचा चहा सगळं संपलं. आणि मी धूत नसेन, तर जी कुणी रोज एकेक ओळ करून पुढं येत होती, तिला सोडून मी नांदेडला कसा जाणार होतो?

४

युसूफभाई माझा चाळीस वर्षांचा दोस्त. त्याचं मोडीच्या चांदीचं दुकान, देवळाकडं जायच्या रस्त्याला. नाण्यांवरची उर्दू मला त्यानंच वाचून दिली. खरं नाणं दगडावर टाकून कानानं कसं ओळखायचं तेही त्यानंच शिकवलं. मी पेटी त्याच्याकडं नेऊन दाखवली तेव्हा सहा ओळी झाल्या होत्या.

त्यानं डोळ्याला भिंग लावलं. एकेक नाणं उलटंपालटं केलं.

"किसने धोया?"

"तेच तर विचारून राहिलो."

"पॉलिशवाले का काम नहीं है ये," तो म्हणाला. "कोनेकोने से उंगली फेरी है. एक खरोंच नहीं." मग भिंग काढून माझ्याकडं बघितलं. "मियाँ, तुमने नींद में तो नहीं किया?"

"तेच बघायचं हाय. ही किल्ली आज तू ठेव."

त्यानं किल्ली बंडीच्या आतल्या खिशात टाकली. मी निघताना मदीनाबीनं, त्याच्या बायकोनं, माझ्यासाठी डब्यात खिचडी दिली. नर्मदा गेल्यापासून तिचा हा नेम आहे. डबा परत देताना रिकामा देऊ नये म्हणून मी त्यात पेरू घालतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी युसूफभाई आला. त्यानंच कुलूप काढलं.

सातवी ओळ झाली होती. शेवटच्या नाण्याखालचं मखमल ओलं होतं.

युसूफभाईनं त्या ओल्या जागेवर बोट टेकवलं आणि बराच वेळ ते तिथंच ठेवलं. मी म्हणालो, "दुसरी एक किल्ली होती. नर्मदाकडं. घरात कुठं पडली असंल, अन् मला झोपेत सापडत असंल."

"हौ, हो सकता," तो म्हणाला. पण त्याचा आवाज बदलला होता. जरा वेळानं म्हणाला, "एक बात बोलूँ? जो भी धो रहा, नाराज नहीं है. नाराज आदमी इतने प्यार से नहीं धोता."

ते ऐकून माझे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू?

मग त्यानं बाराव्या ओळीकडं बोट केलं. शेवटच्या खान्यात फडक्याची घडी होती. "वो मेरा वाला रुपया इसी में है ना? दिखाओ, बहुत दिन हो गए."

"न्हाई," मी म्हणालो. "ते घर रिकामं हाय."

चाळीस वर्षांत युसूफभाईशी मी पहिल्यांदा खोटं बोललो.

५

आता सांगतो. इतका वेळ मी त्या शेवटच्या खान्याला वळसा घालूनच बोलत होतो.

हैदराबादच्या चांदीच्या रुपयावर चारमिनार असतो. त्याच्या मधल्या दरवाजात एक बारीक उर्दू अक्षर असतं. युसूफभाईला मोडीच्या ढिगात एक रुपया सापडला, त्याचा दरवाजा रिकामा होता. ठसा करणाराच अक्षर विसरला असणार. "ऐसा दूसरा नहीं देखा मैंने," म्हणत त्यानं तो माझ्या हातात ठेवला. मी त्या दिवशी घरी नाचत आलो. नर्मदाला दाखवला तर म्हणाली, "दरवाजा उघडा ठिवला त्यांनी. कुणी यायचं असंल."

पौषात एका सकाळी ती गॅसपाशी बसली ती उठलीच नाही. मला काही सुचेना. शिला नांदेडहून पोचली, साखऱ्याहून नर्मदाची थोरली बहीण भिकाबाई आली, आणि सगळं त्या दोघींनीच केलं. आमच्याकडं सवाष्ण गेली की कपाळभर कुंकवाचा मळवट भरतात आणि वर चांदीचा रुपया दाबून बसवतात. तो तिच्याबरोबर जातो. भिकाबाईनं बहिणीच्या कमरेची किल्ली काढली, पेटी उघडली, आणि हाताला आला तो चांदीचा रुपया उचलला.

मी पाहिलं तेव्हा तो नर्मदाच्या कपाळावर होता. हिरवं लुगडं, कपाळ सगळं लाल, आणि मधोमध माझा रिकाम्या दरवाजाचा रुपया.

मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, "मला जरा एकट्याला बसू द्या तिच्यापाशी." बायका पदरानं डोळे पुसत बाहेर गेल्या. केवढा जीव हो, असं एक जण म्हणालीसुद्धा.

मी रुपया नखानं उचलला. कुंकू ओलं होतं, रुपया निघताना त्याच्याबरोबर कुंकूही निघालं आणि कपाळावर गोल पांढरी जागा उघडी पडली. मी खिशातलं पाच रुपयाचं नाणं तिथं बसवलं. ते लहान होतं. भोवती पांढरी कड राहिली. मी बोटानं कुंकू ओढून ती झाकायला बघितलं, पण कपाळ गार होतं आणि कुंकू पुरेना. तेवढ्यात बाहेरून हाक आली.

ती तशीच गेली. तिसऱ्या दिवशी सगळी राख गोळा करून आम्ही नांदेडला गोदावरीत सोडली.

रुपया मी फडक्यात बांधून शेवटच्या खान्यात ठेवला. त्या रिकाम्या दरवाजात कुंकू भरलेलं होतं. मी ते धुतलं नाही, नियम म्हणून. दहा महिने फडकं उघडून बघायची छाती झाली नाही.

आणि आता कुणीतरी ओळीनं नाणी न्हाऊ घालत त्या खान्याकडं येत होतं.

६

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी अकरावी ओळ पूर्ण होऊन बारावीतली सात नाणी झालेली होती. फडक्याला कुणी हात लावला नव्हता.

आळीत सकाळपासून फटाके चालू होते. माझ्या दारात रांगोळी नव्हती. मी जेवून, भांडी धुऊन, दुपारी जरा कॉटवर पडलो. झोप लागली नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. मात्र झोप लागलेली माणसं हेच सांगतात.

मोरीतून आवाज येत होता. खस्स, खस्स. मग पाण्याचा तांब्या. मग पुन्हा खस्स, खस्स.

मला आधी काही वाटलंच नाही. चाळीस वर्षं दुपारी तो आवाज ऐकतच मी झोपायचो. भांडी घासून राहिली, असं मनात आलं. मग आठवलं की भांडी मीच घासून पालथी घातलीत.

उठून मोरीच्या दाराशी गेलो. भर दुपार होती, मागच्या खिडकीतून उन्हाची पट्टी आत आली होती, सगळं लख्ख दिसत होतं.

पाटावर पाठमोरी बाई बसलेली. हिरवं लुगडं. मानेवर विरळ पांढऱ्या केसांचा अंबाडा. खांदे हलत होते.

मी दाराची चौकट धरली. खांदे हलायचे थांबले. ती वळली नाही. उजवा हात तेवढा मागं आला, तळवा उघडा. स्वैपाक करताना डोळे तव्यावर ठेवून "मीठ द्या" म्हणून हात मागं करायची, तसाच. बोटांची टोकं पाण्यानं सुरकुतलेली होती.

घंगाळातलं पाणी हलत हलत थांबलं. मला त्यात बघायचं नव्हतं. तरी बघितलं. पाण्यात कपाळ दिसलं. लाल कपाळ, त्यात गोल पांढरी जागा, आणि त्या जागेत मधोमध काहीतरी बारकं, काळं.

त्याच्या खाली मी बघितलं नाही.

पेटीपाशी कसा गेलो आठवत नाही. फडकं सुटेना, दातानं सोडलं. परत दाराशी आलो तर हात तसाच होता. मी डोळे मिटले आणि म्हणालो, "नर्मदे, चुकलो. तेव्हाही चुकलो अन् आताही चुकलो. न्हाऊ घाल. तुझंच हाय सगळं."

रुपया माझ्या बोटातून गेला. बोटाला गार, ओलं काहीतरी लागलं. तांब्यातून पाणी ओतल्याचा आवाज झाला, आणि मग एकदाच, दगडावर, ठण्ण. खऱ्या चांदीचा आवाज.

डोळे उघडले तेव्हा मोरी रिकामी होती. घंगाळ माळ्यावर असतं तिथंच होतं, कोरडं. फरशी ओली होती, पण थोड्या वेळापूर्वी मीच तिथं भांडी घासली होती. रुपया हातात नव्हता. मोरीच्या तोंडावरची जाळी निसटलेली होती. हातातून सुटून आत गेला असेल. मी तारेनं ढवळून पाहिलं, बॅटरी लावून पाहिलं. मिळाला नाही.

७

पाडव्याला सकाळी शिला आली. येताना लेकीला, आरोहीला, घरीच ठेवून आली होती. मला बघून म्हणाली, "दादा, जेवता का न्हाई तुमी?" आणि उत्तराची वाट न बघता कपाट रिकामं करायला लागली.

पेटी तिनंच उघडली. मी उघडली नव्हती. सकाळचा चहा झाला, पण चौदा वर्षांत पहिल्यांदा मी सरळ पेपर घेऊन बसलो होतो.

"अगं बाई," ती म्हणाली. "सगळीच धुतली की."

मी पेपर वाचत राहिलो.

"दादा, हे पाच रुपयाचं काहून ठिवलं यात?"

मी उठलो. बाराव्या ओळीच्या शेवटच्या खान्यात, मोठ्या गोल घरात, एक लहान नाणं होतं. काळं ठिक्कर, काजळी धरलेलं. कडेला एका बाजूला लाल काहीतरी जळून घट्ट बसलेलं. एवढ्या चमकणाऱ्या नाण्यांत तेवढं एकच न धुतलेलं.

मी माझी बोटं पाहिली. गॅसवर धरून मीच काळं केलं असेल, तर कुठं भाजल्याची खूण हवी. नव्हती. पण चिमट्यानंही धरता येतं. मला काही सिद्ध करता येत नव्हतं आणि आता करायचंही नव्हतं. मी खाली बसलो आणि लेकीला सगळं सांगितलं. रुपया, कपाळ, ती पांढरी कड. मान वर केली नाही. वाटलं, आता ही उठेल आणि एकटीच गाडीत बसून जाईल.

शिला म्हणाली, "मला ठाऊक हाय, दादा."

"काय?"

"मावशीला तवाच दिसलं. उचलताना. रुपया मोठा व्हता, हे बारकं."

"अन् तू दहा महिने रोज फोन करून राहिली? बोलली काहून न्हाईस?"

"काय बोलू?" तिचा आवाज चिरकला. "तुमी रडून राहिले व्हते. मला राग आला व्हता, लई आला व्हता. मग वाटलं, आई असती तर काय म्हनली असती? म्हनली असती, जाऊ दे, येडं हाय ते."

मी हसलो की रडलो, कळलं नाही. नर्मदा हेच म्हणाली असती.

शिलानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "मावशी आईच्या कानाशी वाकली व्हती, बाहेर न्यायच्या आधी. मी शेजारीच उभी. म्हनली, 'नर्मदे, तुझा रुपया घेतल्याबिगर जाऊ नको.'"

घर शांत होतं. मी कान दिला, मोरीकडं. काल दुपारी मी ज्याला भ्यालो होतो तो आवाज आता यावा म्हणून सगळं अंग कान करून बसलो. बाहेर पोरांनी एक लवंगी लावली. आत काही वाजलं नाही.

दहा महिने ती या घरात होती. आणि काल मी तिला रुपया दिला.

शिलानं बॅगा बांधल्या, गाडीत ठेवल्या. मी स्वैपाकघरात गेलो, बरणीच्या तळाशी होती तेवढी चिंच काढली आणि पाण्यात कोळली. माळ्यावरून घंगाळ उतरवलं. मोरीत पाट टाकून बसलो, गुडघे दुखत असताना. जन्मात नाणं धुतलं नव्हतं. अंगठ्यानं कडेकडेनं घासत गेलो, खस्स, खस्स. काळं सुटत गेलं. लाल सुटलं नाही, मी ते तसंच ठेवलं.

शिला दारात येऊन उभी राहिली. तिनं पाटावरच्या त्या एकट्या नाण्याकडं बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं.

"दादा, चला. ऊन चढून राहिलं."

"थांब जरा," मी म्हणालो. "हे वाळू दे."